खालिद जमील यांना ‘आपला माणूस’ म्हणून मिरवण्याआधी

१ ऑगस्ट २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने खालिद जमील यांची भारताच्या पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून निवड केली. त्या दिवशी माझ्या फोनवरच्या सात-आठ ग्रुपवर एकच फोटो फिरत होता. खाली ‘माशाअल्लाह’, ‘कौम का नाम रोशन किया’, ‘आपला माणूस’. हे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना मी ओळखतो. वणीत काय किंवा दिंडोरीत काय, आमच्याकडे टेनिस बॉलच्या क्रिकेटपलीकडे कोणी फारसे जात नाही. तरी आनंद खरा होता, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

महिनाभरात भारताने ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर २-१ असे हरवले, ओमानला पेनल्टीवर हरवून मध्य आशियाई स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला. फोटो पुन्हा फिरले. मग १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि २०२७ च्या आशिया चषकाचा रस्ता बंद झाला. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशने ०-१ ने हरवले. आमचे ग्रुप एकदम गप्प झाले. दुसऱ्या काही ग्रुपवर, जिथे मी शिक्षक म्हणून किंवा जुना सहाध्यायी म्हणून आहे, तिथे मात्र बोलणे सुरू झाले. ढाक्याचा पराभव आणि प्रशिक्षकाचे नाव यांची सांगड घालून जे विनोद केले गेले ते मी इथे लिहिणार नाही. तुमच्याही फोनवर आले असतील.

दोन्हीकडच्या लोकांनी वाचले ते फक्त नाव. त्या नावामागे १९९७ पासूनची अठ्ठावीस वर्षे आहेत, ती वाचण्याची तसदी कोणी घेतली नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: खालिद जमील यांची कारकीर्द आपल्या अभिमानाचा विषय होण्याआधी आपल्या एका वाईट सवयीचा पुरावा आहे. काम येणाऱ्या माणसाला ‘काळजीवाहू’ म्हणून ठेवायचे, अडचणीत त्याला पुढे करायचे, अडचण संपली की मागे बसवायचे, ही ती सवय. ती फक्त फुटबॉलवाल्यांची नाही. ती आपल्या शाळांत आहे आणि आपल्या मोहल्ल्यातही आहे.

आधी माणूस कोण ते पाहू. खालिद जमील यांचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. आखाती युद्धानंतर त्यांचे कुटुंब भारतात आले. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांना ते दिवस आठवत असतील. सगळी कमाई तिकडे सोडून माणसे दोन बॅगा घेऊन परतली होती. खालिद मुंबईत फुटबॉल खेळत राहिले. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, पुन्हा महिंद्रा युनायटेड. मधल्या फळीतला खेळाडू. भारताच्या संघातूनही खेळले. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली तेव्हा ते त्या क्लबमध्ये होते. पण दुखापतींनी पाठ सोडली नाही. २००७ मध्ये ते नव्याने सुरू झालेल्या मुंबई एफसीमध्ये गेले आणि २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याच क्लबचे प्रशिक्षक झाले.

इथे थोडे थांबू. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. लीग जिंकलेला क्लब, मोठ्या कंपनीचा क्लब, एका निर्णयात संपला. जुन्या काळी कंपन्या आणि सरकारी खाती खेळाडूला नोकरी देत. खेळ संपला तरी टेबल-खुर्ची राहत असे. ती व्यवस्था आटत गेली. मग तिशीनंतर फुटबॉलपटूने करायचे काय? कोल्हापूरच्या पेठांत विचारा, जिथे पाटाकडील तालमीचा सामना असला की शाहू स्टेडियम भरते. नागपूरजवळच्या कामठीत विचारा, जिथे आपल्या वस्त्यांमध्ये पिढ्यानपिढ्या फुटबॉल खेळला जातो. खेळणारे पुष्कळ आहेत. खेळ संपल्यावर शिकवण्याची रीतसर वाट किती जणांना माहीत आहे? प्रशिक्षकालाही परवाने काढावे लागतात: डी, सी, बी, ए आणि शेवटी एएफसी प्रो. प्रत्येक पायरीला अभ्यासक्रम, परीक्षा, फी आणि मधल्या काळात प्रत्यक्ष काम. आपल्या डीएड-बीएडसारखेच. खालिद जमील हा जिना चढून वरपर्यंत गेले. ही गोष्ट एकाही ‘माशाअल्लाह’च्या खाली लिहिलेली मला दिसली नाही.

मुंबई एफसीमध्ये ते २०१६ पर्यंत होते. सात वर्षे. क्लबकडे पैसा बेताचा, मोठी नावे नाहीत. चषक एकही नाही, पण त्या सात वर्षांत संघ आय-लीगमधून एकदाही खाली गेला नाही. ज्याने नापास होऊ शकणाऱ्या मुलांचा वर्ग वर्षानुवर्षे पास करून दाखवला आहे त्यालाच या कामाची किंमत कळेल. पहिल्या नंबरच्या मुलाचा सत्कार होतो. पस्तीस टक्क्यांवरच्या मुलाला पंचेचाळीसवर नेणाऱ्या मास्तरचा होत नाही.

२०१६ मध्ये त्यांचा आणि क्लबचा संबंध संपला. ते मिझोरमच्या ऐझॉल एफसीकडे गेले. हा क्लब आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतले म्हणून त्याला परत घेतले गेले. म्हणजे जागा रिकामी होती म्हणून बसवलेला संघ. त्या संघाने २०१६-१७ ची आय-लीग जिंकली. मोहन बागानला ऐझॉलमध्ये १-० ने हरवले आणि ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ बरोबरी करून एका गुणाच्या फरकाने विजेतेपद घेतले. ईशान्य भारतातल्या क्लबने देशाची सर्वोच्च लीग जिंकण्याची ती पहिली वेळ. आणि त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटच्या क्रमांकावर राहून खाली गेला. पुढे तो क्लबच बंद पडला.

‘आपला माणूस’ म्हणणाऱ्यांनी त्या विजेत्या संघाची यादी एकदा वाचावी. शेवटच्या सामन्यात बरोबरीचा गोल करणारा विल्यम लालन्नुनफेला. मुंबई एफसीतून खालिद यांच्यासोबत गेलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता. सीरियाहून आलेला महमूद अल अमना. मिझो ख्रिस्ती, मराठी, गुजराती, अरब अशी माणसे आणि कुवेतमध्ये जन्मलेला मुंबईकर मुसलमान प्रशिक्षक. यात ‘आपला’ कोण आणि ‘त्यांचा’ कोण हे मोजायला बसलो तर मोजणाराच वेडा ठरेल. जयेश राणेला मुंबईहून मिझोरमला घेऊन जाताना या माणसाने त्याचे पाय पाहिले, आडनाव नाही. मग आपण त्याचे आडनाव का पाहतो? आणि ढाक्याच्या रात्री ज्यांनी पाहिले त्यांनी तरी का पाहिले?

यानंतर त्यांना कोलकात्याने बोलावले. ईस्ट बंगाल, मग मोहन बागान. दोन्हीकडे आय-लीगचे विजेतेपद मिळाले नाही, दोन्हीकडून ते निघाले. हे लपवायचे कारण नाही. खरी कहाणी पुढे आहे.

इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली. तिथे मुख्य प्रशिक्षक म्हणजे परदेशी, हा जणू रिवाज होता. खालिद जमील नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहायक म्हणून गेले, अकादमीचेही काम पाहू लागले. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोएशियन प्रशिक्षकाला काढले, उरलेल्या सामन्यांसाठी खालिद यांना उभे केले. काळजीवाहू. हंगाम संपला, क्लबने स्पेनहून नवा प्रशिक्षक आणला, खालिद पुन्हा मागच्या खुर्चीवर. जानेवारी २०२१ मध्ये त्या स्पॅनिश प्रशिक्षकालाही काढले. पुन्हा खालिद, पुन्हा काळजीवाहू. या वेळी त्यांच्या हाताखाली संघ साखळीतला एकही सामना हरला नाही, तिसऱ्या क्रमांकावर आला आणि उपांत्य फेरीत गेला. आयएसएलच्या संघाला तिथपर्यंत नेणारे ते पहिले भारतीय प्रशिक्षक. एवढे झाल्यावर ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांना कायम मुख्य प्रशिक्षक केले. लीग सुरू होऊन सात वर्षे उलटून गेली होती, आणि कायम नेमणूक मिळालेला हा पहिला भारतीय होता.

पुढचा हंगाम वाईट गेला, संघ दहावा आला, ते बाहेर पडले. मग काय केले? खालच्या श्रेणीतल्या बेंगळुरू युनायटेडचे काम घेतले. राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला माणूस पुन्हा खालच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. तिथून जमशेदपूर, तेही हंगामाच्या मधोमध, दुसऱ्याच्या जागी. तिथे २०२४-२५ मध्ये उपांत्य फेरी आणि सुपर कपचा अंतिम सामना. महासंघाने सलग दोन वर्षे त्यांना उत्कृष्ट प्रशिक्षकाचा पुरस्कार दिला. आणि मग, गोव्याचे सावियो मदेरा २०१२ मध्ये पायउतार झाल्यानंतर तेरा वर्षांनी, भारताच्या संघाला भारतीय मुख्य प्रशिक्षक मिळाला.

आता आक्षेप. लोक म्हणतात, ‘एवढे असेल, पण सिंगापूर आणि बांगलादेशकडून हरला ना?’ हरले. टीका जरूर करा. त्यांचा खेळ बचावाकडे झुकतो, हा आरोप जुना आहे आणि त्यावर बोलता येते. पण हिशेब पूर्ण मांडा. पात्रता फेरीचे सहा सामने होते. पहिले दोन आधीच्या प्रशिक्षकाच्या काळात झाले. घरच्या मैदानावर बांगलादेशशी गोलशून्य बरोबरी आणि हाँगकाँगमध्ये पराभव, म्हणजे सहापैकी एक गुण. ते प्रशिक्षक, मनोलो मार्केझ, पहिल्या हंगामात भारताचा संघ आणि एफसी गोवा अशा दोन नोकऱ्या एकाच वेळी करत होते, आणि ती परवानगी महासंघानेच दिली होती. देशाच्या संघाला अर्धवेळ प्रशिक्षक चालला. शिवाय जुलै २०२५ मध्ये महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार लटकला आणि आयएसएलचा हंगामच स्थगित झाला. खेळाडू लीग न खेळता राष्ट्रीय संघात आले. विद्यार्थी चार महिने शाळेतच आले नाहीत आणि निकालाला फक्त वर्गशिक्षक जबाबदार, असा हा न्याय आहे. यापूर्वी इगोर स्टिमॅच यांना २०१९ ते २०२४ अशी पाच वर्षे मिळाली. मिळायला हवीतच, संघ तीन महिन्यांत घडत नाही. पण मग घरच्या माणसाला साडेतीन महिन्यांत ‘याला जमत नाही’ असे सांगण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

परदेशी प्रशिक्षक नकोत असे मला मुळीच म्हणायचे नाही. बाहेरून शिकावेच लागते. माझी तक्रार एवढीच आहे की बाहेरच्याला मुदत आणि घरच्याला तात्पुरती खुर्ची, ही वाटणी गुणांवर झालेली नाही.

आणि या देशाने एकेकाळी याच्या उलट करून पाहिले आहे. भारतीय फुटबॉलचे सर्वांत मोठे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे, पेशाने शाळामास्तर. १९५० पासून १९६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत संघ त्यांच्याकडे राहिला. १९५१ चे आशियाई सुवर्ण, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, १९६२ मध्ये जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून पुन्हा सुवर्ण. जकार्ताला गेले तेव्हा त्यांना कर्करोगाने ग्रासले होते. २०२४ मध्ये ‘मैदान’ चित्रपट आला तेव्हा आपल्याकडे त्यांचेही फोटो फिरले होते. रहीम साहेबांना यश मिळाले कारण एका शिक्षकाला शिक्षकासारखी वर्षे मिळाली. मधल्या काळात संघ हरलाही. तरी खुर्ची तीच राहिली.

हा धागा मी शिक्षक म्हणून पकडतो आहे, कारण प्रशिक्षक हा शिक्षकच असतो आणि आपल्याकडे शिक्षकाचे काय होते ते मी आतून पाहिले आहे. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. काम पूर्ण शिक्षकाचे, नाव ‘सेवक’, पगाराऐवजी मानधन, तेही तीन वर्षे. २०२३ मध्ये ते वाढवून १६,००० रुपये होईपर्यंत प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिन्याला ६,००० रुपयांवर घर चालवावे लागत होते. त्याच्याही खाली तासिका तत्त्वावरचे. मी स्वतः एका संस्थेत तासावर शिकवले आहे. उर्दू आणि मराठी दोन्ही विषय माझ्याकडे, निकाल माझा, पण हजेरीपटाच्या वेगळ्या पानावर नाव. ‘कायमचा माणूस येईपर्यंत तुम्ही सांभाळा’, हे वाक्य मी तिथे इतक्या वेळा ऐकले की खालिद जमील यांच्याबद्दल ‘काळजीवाहू’ हा शब्द बातमीत वाचला तेव्हा तो मला क्रीडा पानावरचा वाटलाच नाही.

आणि खेळाच्या शिक्षकाची गत तर आमच्याहून वाईट. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत लिहिले आहे की सहावी ते आठवीत शंभरापेक्षा जास्त मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी निदेशक नेमावेत. कसले? अंशकालीन. म्हणजे खेळ शिकवणारा माणूस अर्धवेळ असावा, हे कायद्यानेच ठरवून टाकले. एवढेही किती शाळांत पाळले जाते ते आपापल्या गावात पाहा. खेळाचा तास वेळापत्रकात असतो आणि गणिताची उजळणी त्यात होते. अल्पसंख्याक संस्थांना विचारले तर २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचे उत्तर तयार असते: हा कायदा आम्हाला लागू नाही. मान्य. कायदा लागू नसेल, पण आपल्या मुलांना पाय आहेत. त्यांना धावायला मैदान आणि शिकवायला माणूस द्यायला कोणता निकाल आडवा येतो?

मोहल्ल्यातही हेच. जो मुलगा चांगला खेळतो त्याला आपण दहावीपर्यंत ‘खेळू दे’ म्हणतो आणि दहावीनंतर ‘आता बस’ म्हणतो. द्राक्षांच्या हंगामात पॅकहाऊसला जा, गॅरेजला बस, मामाच्या दुकानात उभा राहा. गरज असते, मी ती नाकारत नाही. रोजची चूल कोणाला चुकली आहे? पण घरात जो मुलगा कामाला जाऊनही खेळतो, त्याला प्रशिक्षकाचा परवाना काढता येतो, क्रीडा शिक्षकाची पदवी घेता येते, हे सांगणारा एकही बुजुर्ग आपल्या बैठकीत नसतो. मुलींबद्दल तर आपण विचारच करत नाही. माझ्या वर्गात अशा मुली आहेत ज्या मधल्या सुट्टीत मुलांना मागे टाकून पळतात. आठवीनंतर त्या मैदानाच्या कडेला उभ्या दिसतात, दप्तरे सांभाळत. त्याच घरांतून ‘कौम का नाम रोशन’चे फोटो येतात.

म्हणून माझी विनंती साधी आहे. खालिद जमील यांचे कौतुक करायचे तर त्यांना भारताचे प्रशिक्षक म्हणून पाहा, त्यांच्या चुका त्याच मापाने मोजा आणि त्यांना वेळ द्या. ते उद्या पदावरून गेले तरी मुंबई एफसीची सात वर्षे आणि ऐझॉलचा तो हंगाम कुठे जात नाही. ज्यांनी ढाक्यानंतर विनोद पाठवले त्यांच्याशी ग्रुपवर भांडण्यात वेळ घालवू नका. त्यांना जयेश राणेला ऐझॉलला कोणी नेले एवढे विचारा.

आणि स्वतःला एक प्रश्न विचारा. जिल्हा परिषदेची शाळा उर्दू असो की मराठी, तिच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे तुम्हीच. येत्या बैठकीत उठून विचारा: आपल्या शाळेत खेळ कोण शिकवतो, त्याला वर्षातले किती महिने मानधन मिळते, आणि मागच्या महिन्यात खेळाचे किती तास खरोखर मैदानावर झाले? संस्थेच्या शाळेत मूल असेल तर हेच संस्थाचालकांना विचारा, लेखी विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या, आणि तीन महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारा.